माशीच्या डोळ्यापासून पंखापर्यंत

माझा पहिला स्टॅक, म्हणजे बरेच फोटो जोडून केलेला एक फोटो, एका मेलेल्या माशीचा. खिडकीच्या चौकटीत पाय वर करून पडलेली साधी घरातली माशी, तिला चिमट्याने अलगद उचलून कागदावर ठेवलं आणि मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, लावून बसले, म्हटलं मेलेली आहे म्हणजे हलणार नाही, सोपं जाईल. भाची शेजारी उभी राहून बघत होती. पंधरा मिनिटांनी तिने विचारलं, "आत्या, ती मेलीय ना?" म्हटलं हो. "मग तू का श्वास रोखून बसलीयेस?"

प्रश्न रास्त होता. मॅक्रोमध्ये समोरचं हलत नसलं तरी आपण हलत असतो, ट्रायपॉड हलत असतो, शेजारच्या खोलीत कोणी चालत गेलं की फरशी हलते, आणि हे सगळं एरवी आपल्या गावीही नसतं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर माशीचा डोळा दहापट मोठा करून बघितला आणि दार जरा जोरात लागलं की तो डोळा असा थरथरतो की भूकंपच झाला.

तर त्या दिवशी मी डोळ्यावर फोकस केला, फोटो काढला. डोळा मस्त आला, विटकरी रंगाचा, त्यावरची षट्कोनी जाळी मोजता येईल इतकी स्पष्ट, आणि पंख म्हणजे नुसतं धुकं. मग पंखावर फोकस केला तर डोळ्याचा लाल डाग झाला. माशी सगळी मिळून सहा-सात मिलिमीटरची. एवढ्याशा जीवात 'जवळ' आणि 'लांब' असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माशीच्या डोळ्यापासून तिच्या पंखाच्या टोकापर्यंतचं अंतर, बोटाच्या नखावर मावेल एवढं, आणि माझी लेन्स ते एका नजरेत पार करू शकत नव्हती.

याचं गणित तसं फार अवघड नाही. मॅक्रो लेन्सवर १:१ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर पडते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ३६ मिलिमीटरची वस्तू असेल तर फ्रेम काठोकाठ भरली. इथवर आनंद आहे. पण या १:१ वर एफ ८ ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) ठेवलं तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पट्टी फोकसमध्ये येते, त्याच्या पुढचं-मागचं सगळं धूसर. २:१ ला, म्हणजे दुपटीवर, गेलात की हीच पट्टी साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. आणि पाचपट मोठं करणाऱ्या त्या खास लेन्स असतात ना, त्यांच्यावर एफ २.८ ला माणसाच्या केसाची जाडीसुद्धा पूर्ण फोकसमध्ये मावत नाही.

मग कोणालाही वाटेल की ॲपर्चर बंद कर की अजून, एफ २२ कर, सगळं शार्प येईल. मलाही तेच वाटलं होतं, आणि त्या नादात मी एक अख्खा रविवार घालवला आहे. एफ २२ वर माशी डोळ्यापासून पंखापर्यंत आली खरी, पण सगळी सारखीच गुळगुळीत, जशी काही ओल्या काचेतून बघतोय. भोक लहान झालं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो, ते डिफ्रॅक्शन. आणि यात एक मेख आहे जी बरेच दिवस माझ्या लक्षातच आली नव्हती. जवळून फोटो काढताना लेन्स सेन्सरपासून लांब जाते, त्यामुळे आकडा जो दिसतो तो खरा नसतो. १:१ वर एफ १६ हा एफ ३२ सारखा वागतो, पाचपटीवर तोच एफ ९६ सारखा. म्हणजे मी एफ २२ समजून एफ ४४ वर बसले होते आणि लेन्सला नावं ठेवत होते. बिचारी लेन्स.

थोडक्यात, जास्त खोली हवी तर बारकावा जातो आणि बारकावा हवा तर खोली जाते, आणि भौतिकशास्त्र काही ऐकून घेत नाही. यातून काढलेली पळवाट म्हणजे फोकस स्टॅकिंग. लेन्स जिथे सगळ्यात शार्प असते तिथे ॲपर्चर ठेवायचं, एका फोटोत एक पातळ काप पकडायचा, मग फोकस किंचित मागे सरकवून दुसरा काप, मग तिसरा, असं करत माशीच्या डोक्यापासून शेपटापर्यंत जायचं. पत्त्यांचा कॅट म्हणा हवं तर, प्रत्येक पत्त्यावर माशीचा थोडाच भाग काढलेला. दोन काप एकमेकांवर थोडे चढलेले हवेत, नाहीतर मध्येच एक धूसर पट्टा राहून जातो आणि तो राहिलाय हे घरी येऊन कॉम्प्युटरवरच कळतं, तोवर आपली माशी वाऱ्याने उडून गेलेली असते (मेलेलीसुद्धा उडते, विश्वास ठेवा).

पहिल्या माशीच्या मी सत्तेचाळीस फ्रेम्स काढल्या, हाताने लेन्सची फोकस रिंग फिरवत. आता बऱ्याच कॅमेऱ्यांत हे आपोआप होतं, निकॉनने २०१७ च्या डी ८५० मध्ये दिलं, ऑलिम्पसने त्याच्याही आधी, किती फ्रेम्स आणि केवढी पायरी एवढं सांगायचं आणि बाजूला होऊन बसायचं. हाताने करणाऱ्यांपुढे दोन रस्ते असतात, एकतर रिंग फिरवा नाहीतर रेलवर, म्हणजे सरकत्या पट्टीवर, ठेवून अख्खा कॅमेरा पुढे सरकवा. १:१ च्या आसपास रिंगने छान काम भागतं, पण तीनपट-चारपटीच्या पुढे रेलच बरी, रिंगची पायरी तिथे फार मोठी पडते.

मग सॉफ्टवेअर. हेलिकॉन आहे, झेरीन आहे, फोटोशॉपमध्येही होतं. आधी ते सगळ्या फ्रेम्स एकमेकांवर नीट बसवतं, कारण फोकस बदलला की चित्राचा आकारही जरासा बदलतो, आणि मग प्रत्येक ठिकाणी बघतं की हा तुकडा कुठल्या फ्रेममध्ये सगळ्यात शार्प आहे, तेवढाच उचलतं. याच्या दोन मुख्य तऱ्हा. एकीत नकाशा बनतो, की हा भाग नवव्या फ्रेममधून, तो तेविसाव्या. रंग आणि पोत यात छान राहतात, गुळगुळीत पाठीच्या भुंगेऱ्याला हीच तऱ्हा. पण माशीच्या तोंडावर राठ केस असतात आणि ते डोळ्याच्या समोरून आडवे जातात, म्हणजे एकाच जागी केसही शार्प हवा आणि मागचा डोळाही, तिथे नकाशाचा पार गोंधळ उडतो. तिथे दुसरी तऱ्हा, जी चित्राचे ढोबळ आणि बारीक असे थर वेगळे करते, प्रत्येक थरात शार्प असेल ते घेते आणि परत जोडते. केस सुरेख सुटतात. मात्र नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वाढतो आणि रंग जरा भडक होतात. शेवटी बहुतेकजण दोन्ही करतात आणि एकावरचं दुसऱ्यावर ब्रशने उतरवत बसतात, आणि या बसण्याला काही अंत नसतो. माझी पाठ त्यातच गेली आहे.

माशी झाली तयार, आणि तिच्या डोक्यावरून वर आकाशात एक तुटक करडी रेघ गेलेली. आधी वाटलं केस असेल. नंतर कळलं की तो माझ्या सेन्सरवरचा धुळीचा एक कण. कण बसलाय तिथेच बसलाय, पण सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम थोडी लहान-मोठी करून बसवतं ना, त्यामुळे तो कण प्रत्येक फ्रेममध्ये थोडा सरकला आणि सत्तेचाळीस ठिपक्यांची मिरवणूक निघाली. धूळ मुळात दुसरीकडेही असतेच. डोळ्यांना चकचकीत दिसणारी माशी स्क्रीनवर बघितली तर तिच्या अंगावर धागे, कोंडा, कुठल्यातरी फुलाचे परागकण. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघू नये म्हणतात, मॅक्रोवाले दुसरं काही बघतच नाहीत.

मेलेल्यावर हात बसला की जिवंताची हाव सुटते. मी मुंगी घेतली. चूक केली. बारा फ्रेम्समध्ये तिने एवढंच केलं की जागेवर उभी राहून मिशा पुसल्या, पण स्टॅक झाला तेव्हा तिला सहा मिशा होत्या, आणि पुढचा उजवा पाय तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तिन्ही अगदी शार्प. सॉफ्टवेअरला काय माहीत मुंगीला किती पाय असतात. त्याने प्रत्येक ठिकाणचं शार्प ते प्रामाणिकपणे उचललं.

मुंगीने भल्याभल्यांना रडवलं आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंच्या चित्रांचं पुस्तक काढलं, त्यात मुंगीबद्दल तो अक्षरशः तक्रार करतो. पाय मेणात किंवा डिंकात चिकटवले तर ती इतकी वळवळते की काही दिसत नाही, आणि मारली तर अंग आक्रसून मूळ आकारच जातो. शेवटी त्याने तिला दारूत बुडवलं. मुंगी झिंगून पडली, याने तिला कागदावर काढून हवी तशी मांडली आणि चित्र काढून घेतलं, आणि तासाभराने ती एकदम उठली आणि पळून गेली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण वाचताना असं वाटतं की आपल्याच ग्रुपमधला कोणीतरी बोलतोय.

आजचे हूक किडे फ्रिजमध्ये ठेवतात. दहा मिनिटं गार केलं की किडा सुस्त होतो, मग आरामात शंभर फ्रेम्स काढा. मला हे पटत नाही, आणि फक्त दयेपोटी नाही. गार केलेला किडा फोटोत कळतो. पाय चुकीचे दुमडलेले असतात, मिशा लोंबलेल्या, उभा असतो पण उभा राहिल्यासारखा वाटत नाही. गारवाच हवा असेल तर पहाटे उठा. सूर्य वर यायच्या आधी चतुर आणि टाचण्या (चतुरांसारखेच, पण बारीक अंगाचे किडे) गवताच्या काडीला धरून गप्प बसलेल्या असतात, अंगभर दव, ऊन लागेपर्यंत त्यांना उडायची ताकदच नसते. वाराही तेव्हा पडलेला असतो. डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी धरायची, त्याच हातावर लेन्स टेकवायची, म्हणजे काडी हलली तरी लेन्स तिच्याबरोबरच हलते, आणि मग श्वास सोडता सोडता अंग अगदी सावकाश पुढे झुकवत बटण दाबून ठेवायचं. पंधरा-वीस फ्रेम्स निघतात, त्यातल्या आठ उपयोगाच्या असतात. फ्लॅश अगदी कमी पॉवरवर ठेवला तर त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी टिकतो, त्यामुळे हाताची थरथर गोठते. फक्त फ्लॅशसमोर चांगला मोठा डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा, हवा, नाहीतर दवाच्या प्रत्येक थेंबात एक पांढरा दिवा दिसतो. माझा डिफ्यूझर पार्सलमध्ये आलेल्या पांढऱ्या फोमचा आहे आणि तो बघून लोक हसतात. हसू देत.

या कामाचं टोक बघायचं असेल तर लेव्हन बिस या ब्रिटिश फोटोग्राफरचं काम बघा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधले किडे, २०१६ मध्ये त्यांचं तिथेच प्रदर्शन झालं, आणि त्यातला एकेक फोटो आठ ते दहा हजार फ्रेम्सचा. एका किड्याचे तो तीसेक भाग पाडतो, शिंगाचं लाइटिंग वेगळं, पायाच्या सांध्याचं वेगळं, आणि प्रत्येक भागात कॅमेरा दहा-दहा मायक्रॉनने सरकतो. दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मग ते सगळं जोडून नखाएवढा भुंगेरा माणसाहून उंच छापायचा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी सत्तेचाळीसवाली माशी गुपचूप दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली.

आता तो प्रश्न जो प्रत्येक फोटोखाली येतो. हा खरा फोटो आहे की फोटोशॉप? पूर्वी मी चिडून लांबलचक उत्तर द्यायचे. की यात काहीच बाहेरून घातलेलं नाही, प्रत्येक पिक्सेल लेन्समधूनच आलाय, आपला डोळासुद्धा जवळ-लांब फोकस बदलत बदलतच बघतो आणि चित्र मेंदूत जुळतं. हूक तरी काय करत होता. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या प्रकाशात, वेगवेगळ्या बाजूंनी खूप वेळा तपासून वस्तूचा खरा आकार कळल्याशिवाय तो चित्राला हातच घालत नसे. म्हणजे स्टॅकिंगच ते, फक्त डोक्यात केलेलं. हे सगळं अजूनही मला बरोबर वाटतं.

पण माझ्या स्वतःच्याच फोटोंकडे बघताना काहीतरी खटकायला लागलं होतं. नाकाच्या शेंड्यापासून मागच्या पानापर्यंत सगळं लख्ख, आणि ती माशी माशी वाटेना. पत्र्याचं खेळणं वाटायला लागली. लहान आहे की मोठी, जवळ आहे की लांब, काही अंदाज येईना. धूसरपणा काढून टाकताना त्याच्याबरोबर अजून काय गेलं हे मला नीट शब्दात सांगता येत नव्हतं, आणि ते मला सांगितलं एका कोळ्याने. म्हणजे कोळ्यावरच्या एका संशोधनाने.

उड्या मारणारे कोळी तुम्ही पाहिले असतील, भिंतीवर थांबत थांबत चालतात, जाळं न विणता भक्ष्यावर झेप घेतात, आणि आपण बोट जवळ नेलं की वळून चक्क आपल्याकडे बघतात. आठ डोळे, त्यातले समोरचे दोन मोठे, गाडीच्या हेडलाइटसारखे. झेप घ्यायची तर अंतर अचूक कळायला हवं. आपल्याला दोन डोळ्यांच्या तुलनेतून ते कळतं, काही प्राणी डोकं डावी-उजवीकडे हलवून बघतात, हा यातलं काहीच न करता उडी मारतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी याचा उलगडा 'सायन्स' या नियतकालिकात छापला. त्या मोठ्या डोळ्यांच्या आत रेटिनाचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पडद्याचे, एकामागे एक चार थर असतात, आणि त्यातले सगळ्यात आतले दोन हिरव्या प्रकाशाला संवेदनशील. हिरवा प्रकाश एका थरावर शार्प पडतो, आणि त्याच्या शेजारच्या थरावर तेच चित्र कायम धूसर. वस्तू जितकी जवळ तितका तो धूसरपणा जास्त. कोळी शार्प चित्राची धूसर चित्राशी तुलना करतो आणि त्यावरून अंतर काढतो. त्यांनी खात्री करायला कोळ्याला नुसत्या लाल प्रकाशात ठेवलं, लाल प्रकाश लेन्समधून थोडा वेगळा वळतो त्यामुळे धूसरपणाचा हिशोब बिघडतो, आणि कोळी दर वेळी माशीच्या अलीकडेच पडायला लागला.

मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते. ज्याला मी दोष समजून रात्र रात्र ब्रशने पुसत होते, तो या प्राण्याच्या डोळ्यात मुद्दाम ठेवलेला आहे. त्याच्यावर त्याचं जेवण अवलंबून आहे.

त्यानंतर माझ्या सवयी बदलल्या. पूर्वी अडीचशे फ्रेम्स काढून सगळ्या घालायचे, आता काढते तेवढ्याच पण स्टॅकमध्ये कुठवर जायचं ते आधी ठरवते. चेहरा, पुढचे पाय, पाठीचा चढ, बस. मागचे पाय हळूहळू विरघळू देते, फुलपाखराच्या पंखावरचे कौलांसारखे खवले असतील तर ते मात्र काठापर्यंत घेते, तिथे सपाटच बघायचं असतं. कुणी म्हणेल मग स्टॅक करतेसच कशाला. करते कारण एका फ्रेममध्ये कोळ्याचे पुढचे डोळे येतात तर त्याचे पापण्यांसारखे केस राहून जातात, आणि ते केस मला हवे असतात.

गेल्या महिन्यात असाच एक मिळाला. कुंडीच्या काठावर, जेमतेम पाच मिलिमीटरचा, फिकट रंगाचा, माझ्याकडे तोंड करून बसलेला. कॅमेरा ट्रायपॉडवर, २:१ ला, आणि हा पठ्ठ्या चौतीस फ्रेम्स होईपर्यंत जागचा हलला नाही. एक पाय नाही, एक केस नाही. मी मनातल्या मनात त्याला दंडवत घातला. रात्री स्टॅक केला, तर केस उत्तम, चेहरा उत्तम, आणि डोळ्यांत काहीतरी विचित्र. उजवा डोळा काळाकुळकुळीत, डावा मधासारखा तपकिरी. तोही अर्धाच, मध्येच रंगांची सीमारेषा. आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, मग तऱ्हा बदलून बघितली, तीच गत.

मग लक्षात आलं. या कोळ्याला बुबुळं नसतात, डोळ्यांची लेन्स डोक्याला पक्की बसवलेली असते, पण आत मागे रेटिनाची लांबट नळी असते आणि ती स्नायूंनी फिरते. फिकट कोळ्यांमध्ये हे बाहेरून दिसतं. नळीचं तोंड तुमच्या दिशेला आलं की डोळा काळा दिसतो, दुसरीकडे वळलं की तपकिरी. म्हणजे अंग दगडासारखं स्थिर ठेवून तो पूर्ण वेळ नजर फिरवत होता, आणि सॉफ्टवेअरने डोळ्यांचा थोडा भाग एका फ्रेममधून उचलला होता, थोडा दुसरीतून.

दुरुस्त करता आलं असतं. दोन्ही डोळे एकाच फ्रेममधून उतरवायचे, दहा मिनिटांचं काम. ब्रश घेतलासुद्धा. पण कुठली फ्रेम घ्यायची ते ठरवायला मी मूळ फोटो पहिल्यापासून उघडले आणि बाणाचं बटण दाबून धरलं. फोकसची बारीक लाट त्याच्या पायांच्या टोकांवरून सुरू झाली, चेहऱ्यावर चढली, केसांवरून डोळ्यांवर आली, आणि मागे धूसर होत होत पाठीवर निघून गेली, आणि तेवढ्यात दोन्ही डोळे तपकिरी होते ते एकदम काळे झाले, अकराव्या फ्रेमपासून सोळाव्यापर्यंत काळे राहिले, आणि परत तपकिरी.

सहा फ्रेम्स. मी भाचीला हाक मारली, ती आली, तिने बटणावर स्वतःच बोट ठेवलं आणि पुढे-मागे, पुढे-मागे करत बसली. "इथे तो तुला बघतोय," ती म्हणाली आणि बोट उचललं. "आणि आत्ता कंटाळला."